चवड्याखालचा थेंब

वस्तू अगदी किरकोळ आहे. दाबलेल्या फेल्टची छोटी गादी, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी, आकार पाण्याच्या थेंबासारखा. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. मधोमध जाडी 6 मिलिमीटर, कडेला येईतो कागदाइतकी पातळ. मागे गोंदाचा थर आणि त्यावर सोलून टाकायचा कागद. पाकिटावर ‘मेटाटार्सल पॅड’ लिहिलेलं असतं, मी नुसतं थेंब म्हणते. सायकलच्या बुटात हा थेंब घालून मला वर्ष झालं, साडेचार हजार किलोमीटर झाले. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी दुखणं सांगते, कारण तुमचं दुखणं तेच नसेल तर हा थेंब तुमच्या काही कामाचा नाही.

उजवा पाय. पहिले चाळीसेक किलोमीटर सगळं छान. पन्नासच्या आसपास तिसऱ्या आणि चौथ्या बोटात मुंग्या यायला लागायच्या. मग असं वाटायचं की बोटांखाली मोजा गोळा झालाय. थांबायचं, बूट काढायचा, मोजा नीट ताणायचा, पुन्हा निघायचं. मोजा एकदाही गोळा झालेला नसायचा, तरी मी तो प्रत्येक वेळी ताणायचे. सत्तरीला ती दोन बोटं बधीर, कुणाची तरी उसनी आणून लावल्यासारखी. आणि त्यानंतर चवड्याखाली निखारा. सायकलवाल्यांच्या बोलण्यात याला ‘हॉट फूट’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं नुसता पाय गरम होत असेल. तसं नाही. एकदा मी भर रस्त्यात सायकल आडवी टाकून, बूट-मोजा काढून, अनवाणी पाय थंड फरशीवर ठेवून बसले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. पाच मिनिटांत सगळं गायब. पुन्हा निघाले की दहा किलोमीटरांत पाहुणा परत हजर.

मी शिवणकाम करते. तीस वर्षं पायमशीन चालवलं आहे, त्यामुळे ‘पायाला सवय नसेल’ हे मला कुणी सांगू नये. पण मशीनवर बसल्या बसल्याच एकदा लक्षात आलं की मशीनच्या पायट्यावर अख्खं पाऊल टेकलेलं असतं, टाचेसकट, आणि दोन्ही पाय एकाच फळीवर. भार वाटला जातो. सायकलवर टाच अधांतरी. सगळा जोर चवड्याखालच्या पॅडलएवढ्या तुकड्यावर. मिनिटाला 80 फेरे धरले तर तासाला 4,800 दाब, सहा तासांत 28,800, आणि सगळे एकाच जागी. कापडावर एका जागी इतक्यांदा सुई मारली तर तिथे कापड उरणार नाही.

उपाय मी भरपूर केले आणि बहुतेक उलटे केले. आधी जाड मोजे घेतले. बुटात जागा तेवढीच आणि आत कापड वाढवलं, म्हणजे पाय आणखी आवळला गेला. घट्ट कपड्याला आतून अस्तर लावून तो सैल होईल असं समजणारं गिऱ्हाईक आलं तर मी हसले असते. पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत अक्कल गहाण.

मग जेलचं मऊ इनसोल. दुकानात बोटाने दाबून बघितलं तर स्वर्ग. सायकलवर मात्र मऊ वस्तू भाराखाली पसरते, चवडा तिच्यात रुतून बसतो, आणि तिच्या जाडीमुळे पाऊल वर उचललं जाऊन बुटाच्या वरच्या बाजूला भिडतं. पन्नासला येणाऱ्या मुंग्या आता पस्तीसला येऊ लागल्या.

तिसरा उपाय सगळ्यात महाग होता: कार्बन सोलचे रेसिंगचे बूट. कंपनीचं नाव लिहीत नाही. बूट वाईट नव्हते, फक्त माझ्या पायाचे नव्हते. सोल ताठ असावा हे खरंच आहे. साध्या मऊ तळाच्या बुटाने लहान पॅडल मारत बसलं की तळ पॅडलभोवती वाकतो आणि पॅडलची कड थेट हाडाला लागते. पण हे बूट पुढे अरुंद, टोकाला मासोळीसारखे निमुळते. दुखणं बोटांच्या मधे आणि मी खर्च केला सोलवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझ्याकडे कपडे अल्टर करायला येणारी एक फिजिओथेरपिस्ट आहे, वयाने माझ्या मुलीएवढी. मापं घेता घेता मी तिला सहज सांगितलं, तर तिने मलाच स्टुलावर बसवलं आणि पाऊल मांडीवर घेतलं. एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी आवळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालून तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या फटीत दाबलं.

“इथं का, ताई?”

मी जे ओरडले त्यावरून तिला उत्तर मिळालं.

तिने दाबताना कट असा काही झटका लागतो का तेही पाहिलं. तो लागला नाही. मग माझ्या खडूने माझ्याच कटिंगच्या कागदावर तिने पाऊल काढून दाखवलं. पायात 26 हाडं. त्यांतली पाच लांब, ती मेटाटार्सल. त्यांची पुढची गोल टोकं मिळून चवडा होतो. दोन-दोन हाडांच्या मधून बोटांकडे नस जाते. बुटाने चवडा बाजूंनी आवळला की टोकं एकमेकांना चिकटतात, वरून आपण जोर देतो, खालून पॅडल, आणि मधली नस चेंगरते. तिसऱ्या आणि चौथ्या हाडामधली जागा यासाठी बदनाम आहे. तिथे बराच काळ दाब राहिला तर नसेभोवतीचं आवरण जाड होतं. थॉमस मॉर्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1876मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ‘मॉर्टन्स न्यूरोमा’. न्यूरोमा म्हटल्यावर मी कॅन्सरपर्यंत जाऊन आले. तशी ती गाठ नसतेच, नुसतं जाड झालेलं आवरण असतं, आणि माझं प्रकरण तिथवर गेलेलं दिसत नाही, असं ती म्हणाली. सायकलवरून उतरल्यावर पाच मिनिटांत पाय मोकळा होतो ही चांगली खूण. घरात अनवाणी चालतानाही बोटं बधीर राहायला लागली, किंवा मधुमेह असेल आणि पायाची जाणीव कमी वाटत असेल, तर मात्र पॅड-बिड चिकटवत न बसता सरळ डॉक्टर गाठायचा, हे तिने दोनदा बजावलं. मीही इथे एकदा बजावते.

थेंब तिनेच सुचवला. आणि तो कुठे लावायचा तेही सांगितलं. मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन चुकीच्या जागी लावला.

कारण दुखतं तिथेच मलम लावायची आपली सवय. दुखत होतं हाडाच्या टोकाखाली, म्हणून मी गादी टोकाखाली चिकटवली. दुसऱ्या दिवशी तीस किलोमीटरांत अशी अवस्था झाली की बुटात गोटी घालून निघाल्यासारखं वाटलं. परत येताना अर्धा रस्ता मी टाचेने पॅडल मारलं. टाचेने पॅडल मारणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते आता मला ठाऊक आहे.

वास्तविक हे मला कळायला हवं होतं. टक्सचं, म्हणजे कपड्याला गोलाई द्यायला घातलेल्या चिमटीचं, टोक कधी नेमकं उंचवट्यावर आणायचं नसतं हे मी शिकणाऱ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते. उंचवट्यावर आणलं की कापड तिथे टोचऱ्यासारखं उभं राहतं. अलीकडे थांबायचं, मग कापड आपोआप गोलाई घेतं. थेंबाचं तंत्र हुबेहूब तेच. तो टोकांच्या मागे, टाचेच्या बाजूला बसायला हवा. तिथून तो हाडांच्या दांड्यांना खालून उचलतो, टोकांवरचा भार हलका होतो आणि हाडं जराशी फाकतात. नसेला श्वास घ्यायला जागा.

जागा शोधायची माझी पद्धत सांगते. बोटं वरच्या बाजूला वाकवा. तळव्याकडून चवड्यावर अंगठा फिरवला की एकेक टोक हाताला लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका द्या. इनसोल बुटातून बाहेर काढा, टाच त्याच्या टाचेला नीट जुळवा आणि पूर्ण भार देऊन उभ्या राहा. इनसोलवर तीन ठिपके उमटतात. थेंबाचं रुंद टोक बोटांकडे, निमुळतं टाचेकडे, आणि रुंद टोकाची कड ठिपक्यांच्या मागे. ठिपक्यांवर नाही. लगेच चिकटवू नका. आधी दोन टाके घाला किंवा साधी टेप लावा आणि एक छोटी चक्कर मारून या. मी टाके घातले, बाकीच्यांनी टेप वापरावी. बरोबर जागा सापडल्याची खूण म्हणजे बसल्यावर तो जाणवतो आणि वीस मिनिटांनी जाणवेनासा होतो. जाणवतच राहिला तर जागा चुकली किंवा जाडी जास्त झाली. सायकलच्या बुटात उंचीला जागा कमी असते, त्यामुळे 3 मिलिमीटरपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. मी थेट सहाने सुरुवात केली, पण मी मोजेसुद्धा जाडच घेतले होते, माझं काय घेऊन बसलात.

काही इनसोल असे मिळतात की हा उंचवटा त्यांत आधीच असतो. स्पेशलाइज्ड कंपनीच्या बॉडी जॉमेट्री इनसोलमध्ये असं बटण असतं, शिवाय कमानीला आधार. ज्यांच्या पायाला ती जागा जुळते त्यांचं काम एका झटक्यात होतं. तयार कपडा अंगावर बरोबर बसणाऱ्या माणसांचा मला नेहमीच हेवा वाटत आला आहे. माझ्यासारखीला सुटा थेंब बरा, कारण तो तीन मिलिमीटर मागे घ्यायचा की पाच ते माझ्या हातात राहतं.

पहिल्या नीट बसलेल्या थेंबावर मुंग्या पन्नासवरून ऐंशीवर गेल्या. सुधारणा मोठी होती, पण सुटका नव्हती. सुटका क्लीटने केली, म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेल्या, पॅडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याने, आणि हा रिव्ह्यू थेंबाचा असला तरी क्लीटचं श्रेय मारून नेणं बरं नाही.

पूर्वी पॅडलच्या पिंजऱ्यात बूट घालून वरून चामडी पट्टा आवळायचे. त्या पट्ट्याने किती पाय बधीर झाले असतील कोण जाणे. 1984मध्ये लुक कंपनीने रस्त्यावरच्या सायकलींसाठी पट्ट्याविना अडकणारं पॅडल आणलं, 1985ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने त्याच्यावर जिंकली आणि हळूहळू पट्टे गेले. शिमानो कंपनीचं दोन स्क्रूच्या क्लीटचं एसपीडी पॅडल 1990मध्ये आलं, मी तेच वापरते. सोय आहेच, पण एक गोम आहे: क्लीट जिथे बसवली तिथेच दिवसभर दाब. साध्या पॅडलवर पाय नकळत मागे-पुढे सरकतो आणि नसेला सुट्टी मिळते. क्लीटवर सुट्टी नाही. त्यामुळे ती कुठे बसवता याला सगळी किंमत.

माझी क्लीट नेमकी हाडांच्या टोकांखाली होती. बूट घेताना दुकानातल्या पोराने पटकन बसवून दिली होती आणि मी वर्षभर तिला हात लावला नव्हता. बुटाच्या तळातली खाच लांब असते, आतली पट्टी पुढे-मागे सरकते, स्क्रूच्या भोकांच्या सहसा दोन जोड्या असतात. हे सगळं कशासाठी दिलंय असा प्रश्न मला पडायला हवा होता. शिंप्याच्या खडूने जुन्या क्लीटभोवती रेघ मारली, 4 मिलिमीटरच्या ॲलन कीने स्क्रू ढिले केले आणि क्लीट 8 मिलिमीटर मागे, टाचेकडे घेतली. रेघ मारायला विसरू नका. नवी जागा पटली नाही तर परत जायला खुणेशिवाय दुसरी वाट नाही. आणि एकदम आठ घेऊ नका. मी दोन-दोन मिलिमीटरने चार वेळा गेले, दर वेळी दोन राइड. स्क्रू आवळताना 5 ते 6 न्यूटन मीटर एवढाच जोर, आट्यांना थोडं ग्रीस. क्लीट मागे गेली की पाऊल पॅडलवर पुढे जातं आणि सीट थोडी उंच वाटायला लागते, म्हणून मी सीट 3 मिलिमीटर खाली घेतली. नाही घेतली तर माणूस बोटं ताणून पॅडल गाठायला बघतो आणि सगळा भार पुन्हा चवड्यावर.

या आठ मिलिमीटरांनी मला किती वेग मिळाला किंवा गेला ते विचारू नका. स्प्रिंट मारणाऱ्यांना क्लीट मागे नको असते, घोट्याची उसळी कमी वाटते म्हणतात. मी शेवटची स्प्रिंट बस पकडायला मारली होती.

आता बुटांविषयी, कारण अरुंद बुटात थेंब घालणं म्हणजे आणखी एक भाडेकरू कोंबणं. सायकलच्या बुटांचे आकडे बहुतेक युरोपियन मापाचे असतात आणि त्यात एक आकडा म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर, 6.67 मिलिमीटर, तोही लांबीचा. रुंदी त्या मानाने किरकोळ वाढते. त्यामुळे चवडा आवळतोय म्हणून एक नंबर मोठा घेतला की पुढे बोटांसमोर मोकळं पटांगण आणि बाजूंनी तीच चिमट. शिवाय टाच मागे निसटायला लागते आणि ती धरून ठेवायला आपण पट्टे आणखी ओढतो. छाती घट्ट होते म्हणून कुणी बाहीची लांबी वाढवतं का? रुंद साच्याचे बूट वेगळे मिळतात. शिमानोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये रुंद प्रकार असतो, लेक नावाच्या कंपनीचे तर रुंदीसाठीच ओळखले जातात. आता मी रुंद साच्याचेच वापरते. शिवणात आम्ही माया ठेवतो, उद्या अंग वाढलं तर कपडा उसवून मोकळा करता यावा म्हणून. बुटात माया विकत घेतानाच ठेवावी लागते, नंतर उसवता येत नाही. आणि पायाचं अंग तर रोज वाढतं. संध्याकाळी पाऊल सकाळपेक्षा फुगलेलं असतं, उन्हात आणि लांब राइडला त्याहून जास्त. बूट संध्याकाळी, राइडचेच मोजे घालून, इनसोल आणि थेंब आत ठेवून घालून बघायचे. इनसोल बाहेर काढून त्याच्यावर उभं राहिलं आणि पाऊल बाजूंनी ओघळताना दिसलं, तर तो बूट तिथेच परत द्यायचा.

माप घ्यायचं धातूचं यंत्र काही दुकानांत असतं, चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920च्या दशकात काढलेलं. पाऊल ठेवायचं आणि दांडे सरकवायचे. मला त्याचं कौतुक यासाठी की ते लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही वेगळं सांगतं. एकाच लांबीच्या दोन पायांत चवडा निरनिराळ्या जागी असू शकतो आणि क्लीट कुठे बसवायची हे त्यावरच ठरतं. माझं उजवं पाऊल डाव्याहून 4 मिलिमीटर रुंद निघालं. तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, स्वतःच्या दोन पायांचं माप पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

थेंबाकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत म्हणून हेही सांगते. माझ्याबरोबर येणाऱ्या एका गृहस्थांनी माझं बघून थेंब घेतला आणि महिनाभर मला बोल लावले. त्यांची बधिरता अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, वरच्या बाजूने. तळव्याला काही नाही. त्यांचे बूट दोरीचे, आणि गाठ आवळताना ते दात-ओठ खात. पावलाच्या वरच्या फुगीर भागावरून नस जाते, ती दोरीखाली दबली की नेमकं ते बेचकं बधीर होतं. मी त्यांची दोरी उसवली आणि त्या उंचवट्यावरची एक आडवी ओवण गाळली, दोरी तिथे भोकाभोकांतून सरळ वर नेली. दहा मिनिटांचं काम. त्यांनी थेंब परत दिला आणि वर ‘तुमचं ते पॅड काही उपयोगाचं नाही’ हेही ऐकवलं. दोरीऐवजी डायल फिरवून आवळायचे बूट असतील तर निघताना सैल सुरुवात करावी आणि बोटांजवळचा डायल सगळ्यात ढिला ठेवावा. बोटांना बुटात पियानो वाजवता आला पाहिजे. अर्ध्या तासाने एकदा हात खाली नेऊन डायल पुन्हा बघायचा, कारण तोवर पाय फुगलेला असतो.

अख्खं पाऊल बधीर होत असेल, किंवा झिणझिण्या मांडीच्या मागून उतरत येत असतील, तर बूट सोडा आणि सीट बघा, पाठ बघा. थंडीतला बधिरपणा वेगळा. आणि जड गिअर ओढत मिनिटाला 60 फेरे मारणाऱ्याला कुठलाही थेंब पुरणार नाही. मी आता 85च्या आसपास राहते, उतारावर पॅडल थांबवून बोटं हलवते, वीसेक मिनिटांनी एकदा सीटवरून उठते.

आता कापलेला अर्धा तारा. गोंद. पाकिटावर लिहिलंय ‘कायमस्वरूपी चिकटतो’. कायमस्वरूपी म्हणजे माझ्या अनुभवात सहा आठवडे. घामाने गोंद पाणावतो, थेंब बोटांकडे सरकतो, आणि सरकून जातो कुठे तर बरोबर हाडांच्या टोकाखाली. म्हणजे ज्या वस्तूने बरं केलं तीच एका ओल्या राइडला मला पहिल्या दिवशीच्या गोटीवर घेऊन आली. विक्रेत्याला कळवलं, त्याने ‘बूट कोरडे ठेवा’ असं उत्तर दिलं. पाय कोरडे ठेवून सायकल कशी चालवायची तेही कळवलं असतं तर बरं झालं असतं. आता मी थेंब इनसोलच्या वर न लावता खालच्या बाजूने लावते, कडेने चामड्याच्या सुईने आठ टाके. खालून लावल्यावर उंचवटा सौम्य होतो, टाके पायाला लागत नाहीत आणि इनसोल धुता येतं. शिवण येत नसेल तर बूट दुरुस्त करणाऱ्याचं रबरी सोल्यूशन चालेल. फेल्ट हळूहळू दबतो. माझा सहाचा थेंब चार महिन्यांनी साधारण चारचा झाला होता, तेव्हा बदलला. जेलचा थेंब दबत नाही, पण निसटतो जास्त. मी फेल्टच्या बाजूची.

गेल्या महिन्यात 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली. साडेतेरा तासांची मुदत असते, मी बारा तास दहा मिनिटांत आले. दीडशेला मी सवयीने थांबले, बूट काढला, मोजा ताणला. बोटं पाचही माझीच होती. जरा वेळ बसून त्यांच्याकडे बघत राहिले, शेजारच्या मुलाने विचारलं, “काकू, काय झालं? क्रॅम्प?” काही नाही म्हटलं. एकशे ऐंशीनंतर चवडा थोडा गरम झाला. तो बाराव्या तासाला होणारच.

एक तक्रार मात्र राहिलीच. हे थेंब जोडीनेच विकतात आणि आकार किंचित तिरका असल्याने डावा डाव्यालाच बसतो. माझा डावा पाय ठणठणीत आहे. बटणांच्या डब्यात चार डावे थेंब पडून आहेत, कागदसुद्धा सोललेला नाही. कुणाचा डावा दुखत असेल तर घेऊन जा.